मेसेज खालाचा, मजकूर कोणाचा?

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा ‘या लसीने मुले पुढे वंध्य होतात’ असे मेसेज फिरू लागले. उर्दू शाळांतल्या अनेक पालकांनी नकार दिला. खरे तर रुबेलाची लस उद्या आई होणाऱ्या मुलीच्या बाळाला जन्मजात व्यंगापासून वाचवते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, मुले दगावली. कोरोनात नियमित लसीकरण रखडले होते, म्हणून सगळा दोष मेसेजवर टाकता येणार नाही. पण काही दोष आहेच.

लगेच शिक्का बसतो: मुसलमान अडाणी. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर बी.ई., एम.टेक. झालेले लोक मधुमेह मुळापासून घालवणारे काढे पाठवतात, त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून यंत्राची बाजू सांगतो. व्हॉट्सॲपवर नाव दिसते ते पाठवणाऱ्याचे. मूळ कोणी लिहिले ते फॉरवर्ड होताना गळून पडते. वर ‘खालाजान’, खाली लसीची भीती. आता खाला खोटे कशाला बोलेल? भरवसा खालावर असतो, मजकूर त्यावर फुकट प्रवास करतो. खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात, ते सावध करण्यासाठी. मोहल्ल्यात त्याचा अर्थ उलटा लागतो: एवढ्यांनी पाठवले म्हणजे काहीतरी असणारच! कोणी गुगलवर खात्री करायला गेले, तरी ‘लस’ आणि ‘वंध्यत्व’ टाकल्यावर याच शब्दांची पाने समोर येतात.

सरकारी खुलासा या साखळीच्या बाहेरून येतो. जिथे दवाखान्याच्या रांगेत दुपार जाते आणि डॉक्टर मान वर करून बघत नाही, तिथे तो कोण वाचणार? २०२१ मध्ये आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांत कोरोना लसीसाठी सलमान खानची मदत घेऊ म्हटले होते. लोक हसले, पण ओळखीचा चेहरा लागतो हे त्यांनी बरोबर हेरले होते. फक्त सलमान गल्लीत येऊन प्रश्नांना उत्तरे देणार नाही. आशाताई देऊ शकते. तिला पालकांच्या ग्रुपमध्ये घ्या, उर्दूत व्हॉइस मेसेज पाठवू द्या. शाळेच्या पालकसभेत नर्सला अर्धा तास द्या. एखादी आई विचारेल, ‘सुईनंतर रात्री ताप चढला तर फोन कोणाला करू?’ तिला तिथेच चालू नंबर मिळाला पाहिजे, आणि रात्री तो उचलला गेला पाहिजे.