मेंदूचा ताळेबंद आणि पाण्याची शिल्लक

ताळेबंद हा एका ठरावीक तारखेचा असतो, हे व्यापारी कुटुंबांना शिकवावे लागत नाही. ३१ मार्चला रोकड कमी दिसली म्हणून पेढी बुडाली असे कोणी म्हणत नाही. उधारी वसूल होताच शिल्लक पूर्ववत होते. यंत्रसामग्रीचा घसारा मात्र भरून येत नाही. खेळत्या भांडवलाची चणचण आणि मालमत्तेचा घसारा यांत गल्लत करणारा मुनीम पेढीवर फार काळ टिकत नाही. मेंदूच्या चित्राविषयी मात्र अशी गल्लत जाणकारांकडूनही होऊ शकते, आणि तिच्या मुळाशी असते ते साधे पाणी.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.३ ते १.४ किलो असते. त्यातील जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. एमआरआय हे यंत्र मेंदूचे जे चित्र काढते, तेही मुख्यतः या पाण्याच्याच आधारे. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनची अणुकेंद्रे क्षीण संदेश देतात आणि त्या संदेशांतून प्रतिमा उभी राहते. पाणी ही जणू त्या चित्राची शाईच होय. या तंत्राच्या पायाभरणीबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचे एक मानकरी पीटर अ‍ॅग्रे होते; पेशीच्या पटलातून पाणी ज्या सूक्ष्म मार्गांनी ये-जा करते, त्यांचा शोध त्यांनी लावला होता. मेंदूतही असे मार्ग विपुल आहेत.

शरीरातील पाणी घटले की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात सोडियम साधारण १३५ ते १४५ एकक असते. हे प्रमाण वर सरकू लागले की परासरणाच्या नियमाने पेशींतील पाणी रक्ताकडे ओढले जाते आणि पेशी किंचित आक्रसतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग हा बदल ताबडतोब ओळखतो. तो तहान जागवतो, आणि मूत्रपिंडाने पाणी राखून ठेवावे यासाठी संप्रेरकही सोडवतो. मेंदू स्वतःच्या पाण्याचा हिशेब असा स्वतःच ठेवतो.

ही आक्रसण चित्रात मोजता येते का? जर्मनीतील संशोधकांनी २००५ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. निरोगी व्यक्तींनी १६ तास पाणी व इतर पेये वर्ज्य केल्यावर त्यांच्या मेंदूचे आकारमान सरासरी ०.५५ टक्क्यांनी घटलेले आढळले. पुरेसे पाणी प्यायल्यावर ते पुन्हा भरून आले. आकडा किरकोळ वाटेल. पण उतारवयात निरोगी माणसाच्या मेंदूचे आकारमान वर्षाकाठी साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घटत असते. म्हणजे एका रात्रीच्या कोरडेपणाने वर्षभराच्या घसाऱ्याएवढी घट कागदावर दिसू शकते! अल्पकाळच्या पाणीबंदीत असा फरक आढळला नाही, असेही काही संशोधकांनी नोंदवले आहे. त्यामुळे हा आकडा प्रत्येकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही स्मृतिभ्रंशासारख्या विकारात वर्षावर्षाच्या प्रतिमांची तुलना करताना रुग्णाच्या पाण्याच्या स्थितीचे भान ठेवावे, हा धडा महत्त्वाचा ठरला.

लंडनमध्ये झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. दहा निरोगी किशोरवयीन मुलामुलींना उबदार कपडे घालून व्यायाम करायला लावून घाम काढण्यात आला आणि नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. ज्याचे वजन घामामुळे अधिक घटले, त्याच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या अधिक रुंदावलेल्या दिसल्या. त्यानंतर त्यांना आखणी करून सोडवायची कोडी दिली. कोडी सोडवण्यात ती मागे पडली नाहीत. मात्र तेच काम करताना त्यांच्या मेंदूच्या पुढच्या व वरच्या भागांत अधिक चेतना दिसली. उत्तर तेच, पण खर्च जास्त.

हा निष्कर्ष पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. चैत्र-वैशाखात गिऱ्हाईकांच्या गर्दीत दुपार उलटून जाते आणि पाण्याची बाटली तशीच भरलेली राहते. हिशेब चुकत नाही, म्हणून काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही. संध्याकाळी डोके जड होते, क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड होते, आणि त्याचा दोष धंद्याच्या काळजीवर जातो.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांत सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत बारा-तेरा तास पाण्याविना सहज जातात. व्रत हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा विषय आहे आणि निरोगी शरीर एवढा काळ निभावून नेते. मात्र दिवसाच्या वेळेत पाणी ठरवून, थोडेथोडे, सूर्यास्ताआधी पुरेसे घेतले जावे. सूर्यास्ताच्या वेळी घाईने दोन तांबे पिणे हा त्याला पर्याय नव्हे. मेंदूची तपासणी ठरली असेल आणि उपवास चालू असेल, तर तो डॉक्टरांना आधी सांगावा. मागच्या प्रतिमेशी तुलना व्हायची असल्यास शक्यतो त्याच प्रहरी आणि तशाच खाण्यापिण्याच्या स्थितीत तपासणी करावी, कारण सकाळ आणि संध्याकाळच्या प्रतिमांतही सूक्ष्म फरक पडतो.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती घरातील वडीलधाऱ्यांबाबत. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडाची पाणी राखण्याची शक्तीही कमी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. त्यातच रात्री उठावे लागेल या धास्तीने आजोबा दुपारनंतर पाणीच टाळतात. मग एखाद्या सकाळी ते नातवाचे नाव चुकतात, तिथीवार विसरतात, ग्लानीत राहतात. ‘आता वय झाले’ असे म्हणून घर ते मान्य करून टाकते. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत उद्‌भवलेला गोंधळ मात्र वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. जंतुसंसर्ग, पक्षाघात, औषधांचा परिणाम किंवा पाण्याची व क्षारांची बिघडलेली पातळी, यांपैकी काहीही असू शकते. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील सोडियमची साधी तपासणीही पुष्कळ काही सांगून जाते, आणि कारण पाण्याचे असेल तर योग्य उपचाराने आजोबा पुन्हा पूर्ववत होऊ शकतात.

याचा अर्थ पाण्याचा अतिरेक करावा असा नाही. थोड्या वेळात फार पाणी पोटात गेले तर सोडियम घसरते, पेशी फुगतात, आणि कवटी हाडाची असल्याने मेंदूला पसरायला जागा उरत नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतींतील धावपटूंचे अशाने प्राण गेले आहेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांनी आखून दिलेलेच माप पाळावे.

यंत्राचे चित्र खोटे बोलत नाही, पण ते त्या दिवसापुरतेच बोलते. घट कायमची की तात्पुरती, हे ठरवण्याआधी पाण्याची शिल्लक तपासायला हवी. घरातील ज्येष्ठांसमोर दिवसातून चार-पाच वेळा आठवणीने पाण्याचे भांडे ठेवणे आणि ते रिकामे झाले का हे पाहणे, एवढे काम घरातील कोणीही करू शकेल.