शर्यत पायांची की पायताणांची?

जर्मनीतील हेर्झोगेनाउराख या लहानशा गावी दोघा डास्लर बंधूंचे बिनसले आणि 1948 च्या सुमारास एका कारखान्याचे दोन झाले. एक आदिदास, दुसरा पुमा. भाऊबंदकी आम्हां कोकणवासीयांस नवी नाही; पण आमचे बांधाचे तंटे कोर्टात जिरतात, हा तंटा जगाच्या पायांत शिरला! पुढे 2017 साली अमेरिकेच्या नाइकीने उसळत्या फोमच्या तळात कार्बनची पट्टी घालून बूट बाजारात आणले आणि चुरस शिगेला पोहोचली. 2023 मध्ये बर्लिनला टिगिस्ट असेफाने 2 तास 11 मिनिटे 53 सेकंदांत मॅरेथॉन धावून महिलांचा तेव्हाचा जागतिक उच्चांक नोंदविला, तो आदिदासचे जेमतेम 138 ग्रॅमचे बूट घालून. जोडीची किंमत 500 डॉलर, आणि आयुष्य म्हणे एका शर्यतीपुरते!

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने 2020 मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी बुटाच्या तळाला 40 मिलिमीटरची मर्यादा घातली, हे योग्यच झाले. पण ही मर्यादा जाडीला आहे, किमतीला नव्हे.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत आरंभी अनवाणी धावली आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली. उद्या तशीच एखादी मुलगी जिल्हा स्पर्धेत उतरली आणि शेजारची स्पर्धक बापाच्या पैशाच्या पट्टीवर उसळत पुढे गेली, तर त्या निकालास निकाल कसे म्हणावे? शालेय शर्यतींत असल्या बुटांस मज्जाव असावा, आणि प्रत्येक मुलामुलीस मापाचे साधे बूट क्रीडा खात्याने स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर सरावाच्या पहिल्या दिवशी द्यावेत.