आकड्याआधी रकाना वाचावा

भिलाईचे नाव पोलाद कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. परंतु शहराची हद्द ओलांडली की दुर्ग जिल्ह्याची भातशेती सुरू होते. तेथील शेतकरी जमिनीला भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार या नावांनी ओळखतो. भाटा म्हणजे मुरमाड व उथळ, तर कन्हार म्हणजे काळी, भारी आणि ओल धरून ठेवणारी जमीन. नाव उच्चारताच जमिनीचा स्वभाव कळतो. संगणकात मात्र तीच जमीन आकड्यांची एक ओळ होऊन उरते आणि त्या आकड्यांचा अर्थ रकान्याच्या व्याख्येत दडलेला असतो.

जमीन आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली. सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब यांसह एकूण १२ घटकांची नोंद पत्रिकेत असते. अशा नोंदी डेटाबेसच्या तक्त्यांत साठवल्या जातात आणि विस्तार कार्यकर्त्याच्या हाती बहुधा एक्सेल पत्रकाच्या रूपात येतात. या प्रवासात रकान्याची वैशिष्ट्ये गळून पडतात आणि आकडे तेवढे उरतात.

समजा, भातपट्ट्यातील एका गावाच्या पत्रकात अनेक नमुन्यांपुढे जस्ताचा आकडा शून्य आहे. उपलब्ध जस्ताची प्रचलित सीमा ०.६ पीपीएम आहे. शून्य पाहून कार्यकर्ता झिंक सल्फेटची शिफारस करील, कारण जस्ताअभावी भातावर खैरा रोग येतो हे त्याला ठाऊक असते. पण ती तपासणी झालीच नसेल तर? मायएसक्यूएल या प्रणालीत ‘डिस्क्राइब’ ही आज्ञा तक्त्याच्या नावासह दिली, की प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार, तो रिकामा ठेवता येतो की नाही आणि त्याचे गृहीत मूल्य समोर येते. रिकामा ठेवण्यास मनाई आणि गृहीत मूल्य शून्य, असे दिसले तर पत्रकातील शून्य संशयास्पद ठरतो. तो ‘जस्त नाही’ असे सांगत नसून ‘तपासणी नाही’ असेही सांगत असू शकतो. एका ओळीच्या आज्ञेने शेतकऱ्याचा अनाठायी खर्च टळतो.

स्फुरदाची गोष्ट अधिक फसवी आहे. प्रचलित त्रिस्तरीय वर्गवारीत हेक्टरी १० किलोपेक्षा कमी मूलद्रव्यरूपी स्फुरद ‘कमी’, तर १० ते २५ किलो ‘मध्यम’ मानले जाते. ९ किलो स्फुरद पेंटॉक्साइडच्या रूपात मांडले, तर २.२९ ने गुणून सुमारे २०.६ किलो होते. रूप न पाहता हा आकडा वर्गवारीला लावला, तर कमतरतेची जमीन मध्यम ठरते आणि पिकाला गरजेपेक्षा कमी खत मिळते. येथे ‘डिस्क्राइब’ पुरेसे पडत नाही. ती आज्ञा दशांश संख्या आहे एवढेच सांगते. ‘शो फुल कॉलम्स’ ही आज्ञा रकान्यावरील टिप्पणीही दाखवते, पण ती कोणी लिहिली असेल तरच!

हे काम संगणकतज्ज्ञांचे आहे, विस्तार कार्यकर्त्याचे नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तो अर्धाच खरा आहे. आज्ञा तज्ज्ञाने द्यावी. परंतु उत्तर मागण्याचा अधिकार आणि जबाबदारी शिफारस करणाऱ्याची आहे. शिफारस चुकली तर शेतकरी त्यालाच विचारतो, तक्ता बनवणाऱ्याला नव्हे.

म्हणून तीन गोष्टी अनिवार्य व्हाव्यात. तक्ता तयार करतानाच प्रत्येक रकान्यावर एकक, रासायनिक रूप व तपासणीची पद्धत यांची टिप्पणी लिहावी. न झालेल्या तपासणीचा रकाना शून्याने न भरता रिकामा ठेवावा. आणि गावपातळीवर जाणाऱ्या प्रत्येक पत्रकासोबत आज्ञेने मिळवलेले रकान्यांचे वर्णन मराठीत जोडावे. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही आपल्या पत्रिकेवरील आकड्यापुढे एकक आहे का, हे आवर्जून पाहावे. भाटा आणि कन्हार यांतला भेद न विचारता कोणी पेरणी करत नाही. रकान्याची ओळख न विचारता शिफारसही करू नये.