वीस तारखेच्या आत एक पत्र लिहा

8 ऑक्टोबर 2022

उद्या कोजागिरी. मग घरोघरी साफसफाई, फराळ, खरेदी सुरू होईल आणि त्या गडबडीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी, 20 ऑक्टोबरला, एक मुदत गुपचूप संपून जाईल. ती संपायच्या आत तुम्ही प्रत्येकाने एक पत्र लिहावं, एवढ्यासाठी हे आवाहन. हातात बारा दिवस आहेत.

केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने 21 सप्टेंबरला भारतीय दूरसंचार विधेयक, 2022 चा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी खुला केला. तुमच्या हातातला मोबाइल, त्यावरचं बोलणं, गावातला टॉवर हे सगळं आजही 1885 सालच्या भारतीय तार अधिनियमाखाली चालतं. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघालं आणि मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ते हे वर्ष. तार येणं-जाणं 2013 च्या जुलैत कायमचं थांबलं. तारेचा कायदा चालूच राहिला. परवा 1 तारखेला दिल्लीत 5जी सेवेचं उद्घाटन झालं, तेही त्याच कायद्याखाली. हा कायदा, 1933 चा बिनतारी संदेशांचा कायदा आणि 1950 चा तारांच्या बेकायदा ताब्याविषयीचा कायदा, हे तिन्ही रद्द करून एकच नवा कायदा आणायचा बेत आहे. तो यायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जुना कायदा साध्या माणसाला कुठे अडवतो ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं ग्राहकांचे तक्रारअर्ज लिहून देतो. एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या मोबाइलमधून दर महिन्याला तीस रुपये कापले जायला लागले. विचारलं तर कळलं, कॉलरट्यूनचे. बाईंनी कॉलरट्यून कधी मागितलीच नव्हती. त्यांनी शाळेच्या जुन्या वहीत रेघा मारून तारीख, किती वाजता फोन केला, पलीकडून काय उत्तर आलं, हे सगळं वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं. ती वही घेऊन आम्ही ग्राहक मंचात गेलो. तिथे सांगण्यात आलं की हे प्रकरण इथे चालत नाही. तार अधिनियमाच्या कलम 7ब प्रमाणे टेलिफोनचा वाद लवादाकडे जातो आणि लवाद नेमायचा केंद्र सरकारने. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या एका निकालाचा आधार त्याला होता. वर्षाच्या तीनशे साठ रुपयांसाठी बाईंनी दिल्लीकडे लवाद मागायचा! त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली आणि एसटी स्टँडकडे चालायला लागल्या. मोबाइल ग्राहकालाही ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ शब्दांत सांगितलं ते यंदा, 16 फेब्रुवारी 2022 ला.

म्हणून माझी कळकळ आहे. कायद्यात एखादी गोष्ट लिहायची राहिली किंवा चुकीची लिहिली गेली, तर ती निस्तरायला पिढ्या जातात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण फोन टॅपिंगचं आहे. 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' या कारणाने संदेश अडवायचा, वाचायचा अधिकार तार अधिनियमाच्या कलम 5 ने सरकारला दिला. तो कसा वापरायचा, आदेश कोणी द्यायचा, किती दिवसांचा, तपासायचा कोणी, याचे नियम करण्याची तरतूदही कायद्यात होती. ते नियम शंभर वर्षं झालेच नाहीत. 1996 साली पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, तोवर देशात फोन ऐकले जात होते आणि त्याला धड कार्यपद्धती नव्हती. नियम आले 1999 मध्ये. 'नियम मागाहून करू' या तीन शब्दांची किंमत एवढी असते.

आता नव्या मसुद्याचं कलम 24 उघडून बघा. जवळजवळ तेच शब्द पुन्हा बसले आहेत. संदेश अडवणं, ऐकणं, उघड करायला लावणं आणि सेवा बंद करणं हे अधिकार आहेत. त्यांवरचा लगाम मात्र पुन्हा मागाहून व्हायच्या नियमांवर सोडला आहे. मधल्या काळात काय काय घडलं! 2017 च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 10 जानेवारी 2020 ला, काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीवरच्या अनुराधा भसीन यांच्या खटल्यात, न्यायालयाने सांगितलं की बंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. नवा कायदा करताना हे सगळं ठळक अक्षरांत त्यात उतरायला हवं होतं. कलम 24 मध्ये ते शोधून सापडत नाही.

आणि ही काही फक्त काश्मीरची गोष्ट नाही. गेल्या नोव्हेंबरात अमरावतीत दंगल झाली तेव्हा तिथलंही इंटरनेट बंद झालं होतं. शांतता राखण्यासाठी कधी कठोर पावलं उचलावी लागतात हे मला मान्य आहे. पण इंटरनेट थांबतं तेव्हा अफवा पसरवणाऱ्याबरोबर औषधाच्या दुकानातलं पेमेंट थांबतं, परीक्षेचा फॉर्म थांबतो, पुण्याला शिकणाऱ्या मुलीचा घरच्यांना येणारा मेसेज थांबतो. आदेश कोणत्या कारणाने, किती तासांसाठी, हे ज्याचं इंटरनेट बंद झालं त्याला वाचायला मिळालं पाहिजे. आज अशा आदेशांची फेरतपासणी करणाऱ्या समितीत सगळे सचिव दर्जाचे सरकारी अधिकारीच असतात. आदेश सरकारचा, तपासणीही सरकारचीच. त्या समितीत एक न्यायाधीश असावा, एवढी मागणी तरी आपण केलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट व्याख्येची. ती वरवर रुक्ष वाटते, पण सगळ्यात लांब हात तिचाच आहे. 'दूरसंचार सेवा' या शब्दात मसुद्याने ईमेलही घातला आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नलसारख्या इंटरनेटवरून बोलायच्या सेवाही. असल्या सेवा पुरवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा आणि बाकीच्यांनी परवाना घ्यायचा, हा 1885 चा साचा. त्या काळी खांब आणि तारा सरकारच्या होत्या, तेव्हा तो चालून गेला. आज कोल्हापूरच्या दोन पोरांनी शेतकऱ्यांसाठी मेसेजिंगचं अ‍ॅप काढलं, तर त्यांनाही दूरसंचार कंपनीसारखा परवाना लागेल का? मसुदा वाचून याचं उत्तर मिळत नाही. आणि परवान्याबरोबर संदेश उघडून दाखवायची अट आली, तर कुलूपबंद संदेशांचं काय होणार, याचंही नाही.

कलम 4 म्हणतं की संदेश पाठवणाऱ्याची ओळख संदेश घेणाऱ्याला कळली पाहिजे. फसवणुकीचे फोन रोखायला हे उपयोगी पडेल, खरं आहे. आपल्याकडे किती म्हाताऱ्या माणसांचे पैसे एका फोनवर गेले आहेत! पण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली बाई कामासाठी दहा ठिकाणी फोन करते. वाळूचोरीची खबर देणारा शेतकरी पत्रकाराला मेसेज करतो. त्यांचं नाव दर वेळी पलीकडच्याच्या पडद्यावर उमटावं का? सूट कोणाला, कशी, हे कलमातच लिहिलेलं असावं.

ट्राय या नियामक प्राधिकरणाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आज नवा परवाना देताना सरकारला ट्रायची शिफारस मागावी लागते. मसुद्यातल्या दुरुस्त्यांनी हे बंधन जातं. पंच दुबळा झाला की मोठ्या खेळाडूचं काही बिघडत नाही, आपलं बिघडतं.

मसुद्यात चांगलंही आहे, तेही पत्रात जरूर लिहा. जाहिरातीचे मेसेज पाठवण्याआधी संमती घ्यायची तरतूद आहे. बाईंची वही आठवली की मला तिचं मोल कळतं. केबल आणि टॉवर उभारायला जागा मिळवण्याची पद्धत सोपी करायचा प्रयत्न आहे. मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रेंजसाठी टेकडी चढणाऱ्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो.

'आपण लिहून काय होणार,' असं पुष्कळजण म्हणतात. 2015 च्या मार्चमध्ये ट्रायने 118 पानांचा, 20 प्रश्नांचा एक कागद काढला होता. इंटरनेटवर काही सेवांना वेगळा दर, वेगळी वाट असावी का, असा त्याचा विषय. सामान्य माणसाने तो कशाला वाचावा? पण वाचला. महिनाभरात दहा लाखांच्या वर ईमेल गेले. कॉलेजची मुलं, दुकानदार, गृहिणी, सगळ्यांचे. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने नियम केला की मजकूर पाहून डेटाचा दर वेगळा लावता येणार नाही. आज तुम्ही कोणतीही वेबसाइट एकाच दरात उघडता, त्यामागे ती पत्रं आहेत.

तेव्हा लिहा. वकिली भाषेची गरज नाही. मसुदा दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर आहे आणि अभिप्राय कुठे पाठवायचा तो ईमेलचा पत्ता सोबतच्या सूचनेत दिला आहे. आपलं नाव, गाव आणि काम लिहा. मग स्वतःचा अनुभव: कापलेले पैसे, बंद पडलेलं इंटरनेट, दुसऱ्याच कोणी तुमच्या नावावर घेतलेलं सिम. आणि त्यावरून तुमची मागणी. कलम 24 मध्ये आदेश प्रसिद्ध करण्याचं बंधन आणि स्वतंत्र तपासणी हवी. इंटरनेटवरच्या संदेशसेवा परवान्यातून वगळाव्यात. ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहील, हे अंतिम कायद्यात कोणालाही वेगळा अर्थ काढता येणार नाही अशा शब्दांत असावं. पटेल तेवढंच लिहा, पण तुमच्या शब्दांत लिहा. एकाच मजकुराच्या हजार प्रतींपेक्षा हजार माणसांचे अनुभव वेगळे दिसतात.

आणखी एक मागणी सगळ्यांनी करावी. हा मसुदा मराठीत नाही. कायदे करण्याआधी लोकांना किमान 30 दिवस द्यावेत, असं केंद्राचंच 2014 चं धोरण आहे आणि यावेळी मोजून तेवढेच दिले आहेत. 137 वर्षांनी कायदा बदलताना देशातल्या भाषांमधून मसुदा द्या आणि मुदत वाढवा, हे पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा. मुदत वाढेल या भरवशावर मात्र बसू नका. पत्र वीसच्या आतच जाऊ द्या, मराठीत असलं तरी जाऊ द्या.

आम्ही चौघंजण सोमवारपासून रोज संध्याकाळी पाच ते आठ गावातल्या वाचनालयात बसणार आहोत. मसुद्याची छापील प्रत आणि महत्त्वाच्या कलमांचं मराठी टिपण टेबलावर असेल. ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांनी कागदावर लिहून आणा, आम्ही टाइप करून पाठवू आणि पाठवल्याची प्रत तुमच्या हातात देऊ. बाईंनी त्यांचं पत्र कालच आणून दिलं. सोबत ती वहीही आणली होती. तिच्या पानांचे फोटो काढून जोडले आहेत.

तुमच्या गावातही असं एक टेबल मांडा. एक माणूस, एक मोबाइल आणि दोन-तीन तास पुरतात.