कट्टा नको, नेम हवा!

दौलताबादला गेलं की मेंढा तोफेसोबत सेल्फी ठरलेलीच. बंदुकीचं आकर्षण असतंच हो! पण रीलसाठी हातात गावठी कट्टा घेतलात, तर कॉलेजचा कट्टा सुटेल आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

खरंच हौस आहे? मग 10 मीटर एअर पिस्तूलपासून सुरुवात करा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं. तिथे रुबाब चालत नाही. श्वास आणि ट्रिगरवरचं बोट सांभाळावं लागतं. लगेच पिस्तूल विकत घेऊ नका. आधी क्लबच्या पिस्तुलावर हात बसवा, कोणती मूठ पकडीत नीट बसते ते कळू द्या. तोवर पैसे छर्रे आणि सरावावर घालवा.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये कांस्य जिंकलं, ते काही रील बनवून नाही!