शाल-श्रीफळ राहू द्या, आधी बिलाचा फॉर्म दाखवा



मंद्रूपला माझं इलेक्ट्रिकल्सचं दुकान आहे आणि सोबत मी ट्रेनिंग घेतो, हे तुम्हाला माहीतच आहे. या महिन्यात जरा वेगळी ऑर्डर आली. एका कॉलेजला तासिका तत्त्वावर घेतलेल्या नव्या प्राध्यापकांसाठी एक दिवसाची उद्बोधन कार्यशाळा आखून हवी आहे.

नमुना म्हणून त्यांनी मागच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका दिली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण, जेवण. दुपारी 'आदर्श शिक्षक' या विषयावर दीड तास. हजेरीपत्रक कुणाकडे मिळतं, हे अख्ख्या दिवसात कुठेच नाही!

मला याचा राग येतो, कारण मी यातून गेलोय. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना उद्योजकता शिकवायला मी तासावर जायचो. पहिल्या दिवशी शिपायाने वर्ग दाखवला, तेवढंच माझं उद्बोधन. दुकान पोराच्या भरवशावर टाकून विजापूर रोडने गाडी मारत जायचो. महिना-दीड महिन्याने बिल लावायला गेलो तेव्हा कळलं, प्रत्येक तासानंतर विभागप्रमुखांची सही घ्यायची असते. अकरा तासांच्या सह्या नव्हत्या. ते पैसे गेले ते गेलेच. नियम चुकीचा नव्हता हो, पण सांगितला कुणी होता?

कायम नोकरीतल्या प्राध्यापकासाठी यूजीसीने 2019 मध्ये 'गुरु-दक्षता' नावाचा महिनाभराचा कार्यक्रम आखला. शिवाय तो दिवसभर कॉलेजातच असतो, चहा पिता पिता निम्म्या गोष्टी कळतात. तासावरचा माणूस तास संपला की एसटी पकडतो, कारण दुसऱ्या कॉलेजात दुसरा तास असतो. त्याला विचारायला कुणी सापडत नाही. म्हणून त्याच्यासाठी ही कार्यशाळा जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तिथेच आपण भाषणं ठेवतो.

मी दिलेला आराखडा दहा ते एकचा आहे. प्रमुख पाहुणे हेडक्लार्क! (प्राचार्य हसले, पण मी गंभीर होतो.) ते सगळ्यांकडून बिलाचा एक फॉर्म खराखुरा भरून घेतील. अंतर्गत गुण कधी आणि कुणाकडे द्यायचे, पेपरच्या दिवशी सुपरव्हिजन लागलं तर काय, हे सांगतील. मग प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं. समोर बसणार तीन-चार वर्षं तासावर काम केलेले जुने प्राध्यापक. आमच्या दक्षिण सोलापुरात कित्येक पोरं घरी कन्नड बोलतात, वर्गात मराठी ऐकतात आणि पुस्तक इंग्रजी असतं. अशा वर्गात 'डेप्रिसिएशन' कसं समजावायचं हे जुना माणूसच दाखवू शकतो. मी मोटरचं उदाहरण देतो: नवी घेतली तेव्हाची किंमत आणि पाच वर्षांनी भंगारवाला देतो ती किंमत. शेवटी कॉलेजात एक फेरी. प्रोजेक्टरची किल्ली कुणाकडे, लाईट गेली तर काय.

अडलं ते एका मुद्द्यावर. मी लिहिलं, या तीन तासांचं मानधन प्राध्यापकांना द्या. ज्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात त्याला फुकट बसवणं मला पटत नाही. उत्तर आलं, "त्यासाठी तरतूद नाही." मी मागच्या वर्षीचा खर्च मागितला. फ्लेक्स, शाली, बुके, जेवण. ती रक्कम आणि नव्या लोकांचे तीन-तीन तास, दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहून दिले. फारसा फरक नव्हता.

हे तुम्हाला का सांगतोय? नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजांना कौशल्याचे विषय शिकवायला धंद्यातली माणसं लागतायत. यूजीसीने 2022 मध्ये पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाटही काढली. तुमच्यापैकी कुणाला असं बोलावणं आलं, तर होकार देण्याआधी बिलाचा फॉर्म मागून घ्या. आणि माझ्यासारखं आखणीचं काम मिळालं, तर कोटेशनमध्ये येणाऱ्यांच्या मानधनाची ओळ टाका, ऑर्डर हातची जाईल अशी भीती वाटली तरी.

मला वाटतेय. प्राचार्यांनी कागद ठेवून घेतलाय, सोमवारी कळवतो म्हणालेत.