पहिल्या आठवड्यांतील ताप आणि मेंदू

पावसाळा सरून ऑक्टोबरात ताडोबाच्या गाभा क्षेत्राची प्रवेशद्वारे उघडली, की मोहर्लीचा रस्ता पुन्हा गजबजतो. भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथाचे दर्शन घेऊन पुढे मोहर्लीकडे वळणारी कुटुंबे समाजाला नवी नाहीत. याच दिवसांत या जंगलपट्ट्यात तापाचीही वर्दळ असते. जिप्सीचालक, गाईड, निवासगृहातील स्वयंपाकी, दूरवरून माल आणणारा ट्रकचालक किंवा चंद्रपूरचा एखादा व्यापारी, कोणालाही ताप आला की मनात पहिले नाव मलेरियाचे येते आणि दुसरे डेंग्यूचे. काचपट्टीवर रक्त घेतले जाते, मलेरिया नसल्याचे कळते, चार-सहा दिवसांत ताप उतरतो आणि विषय मिटतो. बहुतेक वेळा तो मिटण्यासारखाच असतो. मात्र त्या गर्दीत क्वचित एखादा ताप निराळा असतो, आणि तो आपोआप उतरतो हेच त्याचे सर्वांत फसवे लक्षण असते.

एचआयव्हीची लागण झाल्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी अनेकांना असा ताप येतो. याचा भारतातील महत्त्वाचा अभ्यास पुण्यातच झाला. भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्यांपैकी ज्यांच्या रक्तात एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे अद्याप तयार झाली नव्हती, त्यांच्या रक्तात विषाणूचे ‘पी २४’ हे प्रथिन शोधले. प्रतिपिंडांची चाचणी ‘नाही’ म्हणत असताना विषाणू मात्र रक्तात होता, असे रुग्ण त्यांना आढळले. १९९७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम ही त्या रुग्णांची लक्षणे होती. ही तिन्ही लक्षणे ज्वराच्या कोणत्याही रुग्णात दिसू शकतात. म्हणूनच मोहर्लीसारख्या ठिकाणी ती सहज नजरेआड होतात.

या पहिल्या आठवड्यांत विषाणू केवळ रक्तात राहत नाही. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांच्या पेशींची एक घट्ट तटबंदी असते. रक्तातील बहुतेक उपद्रवी घटकांना ती आत येऊ देत नाही. एचआयव्ही ही तटबंदी फोडत बसत नाही. रक्तातील काही पांढऱ्या पेशींना पहारेकरी म्हणून आत जाण्याची मुभा असते. त्यांच्याच पोटात दडून तो आत शिरतो. विचार, स्मरण, हालचाल ज्यांच्यावर अवलंबून असते त्या चेतापेशींना तो सहसा थेट बाधित करत नाही. मेंदूतील संरक्षक पेशींत तो घर करतो, त्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात आणि विषाणूची काही प्रथिनेही बाहेर पडतात. इजा चेतापेशींना होते ती या धुमसत्या शेजारामुळे.

हे किती लवकर घडते, याचे उत्तर बँकॉकमध्ये मिळाले. अगदी ताज्या लागणीचे रुग्ण शोधून तेथे काहींच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी करण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १८ पैकी १५ जणांच्या द्रवात विषाणू सापडला. एकात तर लागण झाल्याच्या अंदाजित दिवसापासून अवघ्या आठव्या दिवशी. रुग्णाला ताप येण्याच्याही आधी हे घडलेले असू शकते.

त्याच अभ्यासगटातील १३९ जणांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून थोड्या अधिक जणांना पहिल्या बारा आठवड्यांत मज्जासंस्थेचे काही ना काही लक्षण होते. बहुतेकांची लक्षणे सौम्य होती: एकाग्रता न होणे, विसरणे, हालचालींत किंचित मंदपणा, कोणाला हातापायांत मुंग्या. व्यापारी घरात अशी लक्षणे सहज खपून जातात. हिशेबाची बेरीज दोनदा चुकली, ठरलेला फोन राहून गेला, तर दोष सणासुदीच्या धावपळीला दिला जातो. आणि बहुधा तो धावपळीचाच असतो. विसरभोळेपणावरून एचआयव्हीचा तर्क करू नये. क्वचित मात्र चित्र ठळक असते: प्रखर डोकेदुखीसह मान आखडते आणि उजेड सहन होत नाही, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, ज्याला गावाकडे ‘वारे लागले’ म्हणतात, किंवा पायांतून वर चढणारी दुर्बलता येते. हा शेवटचा विकार म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. २०२५ च्या आरंभी पुण्यातील उद्रेकामुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. त्या उद्रेकाचा एचआयव्हीशी संबंध नव्हता, पण क्वचित एचआयव्हीच्या प्रारंभीही हा विकार होतो, आणि म्हणून अशा रुग्णाची एचआयव्ही चाचणी करणे हा संशय नव्हे, दक्षता आहे.

बँकॉकच्या अभ्यासातील आशादायक भाग असा, की निदान होताच औषधे सुरू केल्यावर महिन्याभरात सुमारे ९० टक्के लक्षणे ओसरली.

भारतीयांपुरता एक दिलासा मधल्या काळात पुढे आला होता. भारतात बहुतांश आढळणारा विषाणू ‘सी’ उपप्रकाराचा आहे. त्याच्या ‘टॅट’ नावाच्या प्रथिनात एक छोटा बदल असल्याने संरक्षक पेशींना मेंदूकडे ओढून नेण्याची त्याची क्षमता कमी असते, असे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील उदयकुमार रंगा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. शोध मोलाचाच होता; परंतु ‘आपल्याकडचा विषाणू मेंदूला सोडून देतो’ असा त्याचा अर्थ काढणे घाईचे होते. २००६ मध्ये पुण्यातील बाधितांची एक साधी परीक्षा प्रसिद्ध झाली: चार शब्द लक्षात ठेवणे, अंगठा व तर्जनी झपाट्याने जुळवणे, हाताच्या तीन मुद्रा क्रमाने करणे. बाधितांपैकी ३५ टक्के जण तीत कमी पडले. बाधा नसलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. गट लहान होता आणि अशा परीक्षेवर शिक्षणाचा परिणाम होतो, हे मान्य करूनही फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

त्या काळात औषधे मिळण्यासाठी प्रतिकारशक्ती ठरावीक मर्यादेखाली घसरण्याची वाट पाहावी लागे. शासनाने १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य औषधे देण्यास प्रारंभ केला, तरी ही प्रतीक्षा होतीच, आणि त्या अवधीत मेंदूतील दाह चालूच राही. २०१७ पासून ती अट गेली. निदान झालेल्या प्रत्येकास त्वरित औषधे देण्याचे धोरण आले. लवकर ओळखण्यातला लाभ आता रुग्णाच्या हाती आहे. धोका घडल्याचे ७२ तासांच्या आत ध्यानात आले, तर लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधक्रमही असतो.

अडचण उरते ती चाचणीच्या वेळेची. लागणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत प्रतिपिंडांची चाचणी ‘नाही’ सांगू शकते. ‘पी २४’ प्रथिनही शोधणारी चाचणी काही दिवस आधी लागण ओळखते, पण अगदी पहिल्या दिवसांत तीही पुरेशी नाही. म्हणून धोक्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना ती स्पष्ट सांगून, तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी. महावीर जयंतीला समाजात ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात. ‘रक्त तपासले जाईल, आपोआप कळेल’ या विचाराने तेथे रक्त देणे मात्र सर्वथा अयोग्य. त्या अवधीतील रक्त पेढीच्या चाचणीतून निसटून एखाद्या निरपराध रुग्णाच्या शरीरात जाऊ शकते. चाचणीसाठी शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रे आहेत, तेथे ती विनामूल्य होते. १०९७ या क्रमांकावर आधी माहितीही घेता येते.

आणि येथे प्रश्न वैद्यकाबाहेर जातो. दुकानातील मुनीम, गोदामातील हमाल किंवा घरचाच मुलगा डॉक्टरांना खरे सांगत नाही, ते परिणामांच्या भयाने: नोकरी जाईल, स्थळे थांबतील. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने संमतीविना चाचणी करणे, संमतीविना कोणाची बाधा उघड करणे आणि केवळ बाधेमुळे कामावरून काढणे यांना मनाई केली आहे. नोकरी देण्यापूर्वी ही चाचणी मागताही येत नाही. पण कायदा पेढीच्या गादीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. चार दानांत औषधदानाशेजारीच अभयदान सांगितले आहे. औषधाचा खर्च आता शासन करते. अभय देणे मालकाच्याच हाती राहते. नियमित औषधांनी विषाणू रक्तात मोजता न येण्याइतका दबला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. हे ठाऊक असलेली पेढी आपल्या माणसाला तारखेच्या दिवशी रजा देताना कारण विचारत नाही.

मोहर्लीच्या हंगामात अशा रजा मिळणे अवघड. पर्यटकांची गर्दी जून अखेरपर्यंत चालते, आणि ऑक्टोबरात ‘नाही’ आलेल्या चाचणीची दुसरी तारीख जानेवारीच्या ऐन धामधुमीत येते.